एन्डेमेओ : आपल्या माणसांत असणं

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलच्या नव्या करारात एन्डेमेओ नावाचं एक ग्रीक क्रियापद आहे. सबंध नव्या करारात ते फक्त तीनदा येतं आणि तेही एकाच ठिकाणी, संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, सहा ते नऊ या वचनांत. त्याच्या जोडीला एक्डेमेओ आहे, तेही तीनदाच. पहिल्याचा अर्थ घरी असणं, दुसऱ्याचा परगावी असणं. पौल लिहितो, की या देहात आपण घरी आहोत तोवर प्रभूपासून दूर, परगावी आहोत. आणि देह सोडून प्रभूच्या घरी राहायला जाणं आपल्याला अधिक आवडेल.

आता गंमत बघा, ‘घरी असणं’ म्हटलं तरी या शब्दात घर नाहीच. घराला ग्रीकमध्ये ओइकोस म्हणतात. इथे आहे तो डेमोस, म्हणजे लोक, आणि त्या लोकांची वस्ती. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसने नागरिकांची विभागणी या डेमोसांनुसार केली. असे १३९ डेमोस होते. माणसाच्या नावाबरोबर त्याच्या डेमोसचं नाव सांगितलं जाई; सॉक्रेटिस हा अलोपेके या डेमोसचा. बिऱ्हाड दुसरीकडे हललं तरी डेमोस बदलत नसे, बापाचा तोच मुलाला लागे. सातारकरांची नातवंडं मुंबईत जन्मली तरी सातारकरच राहतात, तसं. एन्डेमेओ म्हणजे आपल्या माणसांत असणं. जिथे आपलं नाव कुणाला सांगावं लागत नाही, तिथे असणं.

हे पत्र ज्यांना आलं, त्या करिंथकरांचा विचार केला की हा शब्द फार जवळचा वाटू लागतो. ग्रीसमधलं जुनं करिंथ शहर रोमन सैन्याने इसवी सनापूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. सुमारे शंभर वर्षांनी, ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं, आणि तिथे आणून बसवलेल्यांत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. गुलामाला डेमोस कुठला? पौलाला तिथे आसरा मिळाला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडायला लावलं, म्हणून ती दोघं करिंथला आली होती. तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. याच पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल देहाला तंबूरूपी घर म्हणतो. तंबू किती दिवस टिकतो आणि केव्हा उतरवावा लागतो, हे या माणसाला हातांनी ठाऊक होतं.

मराठीशी या वचनांचं एक नातं आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पंडिता रमाबाईंचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेच्या वाटांवर गेलं. दुष्काळात आईवडील गेले, त्यानंतर त्या भावाबरोबर पायी देशभर फिरल्या. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि त्यानंतर ते छापून आलं. ही वचनंसुद्धा त्यांच्या हाताखालून गेली.

ही वचनं बहुतेक वेळा अंत्यविधीला वाचली जातात. दुःखात असलेल्या घराला त्यांतून धीर मिळतो, आणि तो खरा धीर आहे. पण माझ्या मते आठव्या वचनावर थांबलो तर पौलाचं म्हणणं अर्धंच राहतं. नववं वचन सांगतं, की घरी असू किंवा परगावी असू, प्रभूला आवडेल असं राहावं हीच आमची हौस. या हौसेसाठी पौलाने वापरलेलं ग्रीक क्रियापद मानसन्मानाच्या आवडीतून आलेलं आहे. गावासाठी पदरमोड करणाऱ्या नागरिकाचं कौतुक ग्रीक लोक शिलालेखांत कोरत, तेव्हा याच कुळातला शब्द वापरत. आपल्या डेमोससाठी काहीतरी करून जाण्याची ती उमेद पौल परगावी असलेल्याच्या हाती देतो. आधी घरी पोहोच, मग कर, असं तो म्हणत नाही.

ते करायचं म्हणजे काय, हे याच पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत दिसतं. तिथे तो करिंथकरांकडे यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी मागतो. आधीच कबूल केलेली, मागे पडलेली वर्गणी आता पुरी करा, असा त्याचा आग्रह आहे. ज्यांना मदत जायची, त्यांतल्या बहुतेकांचं तोंडही करिंथकरांनी पाहिलेलं नसणार. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल कळवतो, की मासेदोनिया आणि अखया इथल्या लोकांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी आनंदाने वर्गणी जमवली आहे. अखया म्हणजे करिंथ ज्या प्रांताचं मुख्य शहर होतं, तोच प्रांत.

नमस्कार.