व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही, नेमकं अडतंय कुठे?

नमस्कार. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, सुरू होत नसेल, तर पडद्यावर बहुतेकदा एकच तक्रार दिसते: व्हीटी-एक्स उपलब्ध नाही. व्हीटी-एक्स म्हणजे अशी मशीन चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असलेली सोय. प्रोसेसर एएमडीचा असेल तर त्या जागी एएमडी-व्ही. ती वाचून लोक बायोस उघडतात, पर्याय तिथे आधीपासूनच चालू असतो, आणि पुढचं काही सुचत नाही. तक्रार एक असली तरी तिचं मूळ तीन ठिकाणी असू शकतं. प्रोसेसरमध्ये ती सोयच नसेल, फर्मवेअरने (लॅपटॉप चालू होताच आधी चालणाऱ्या प्रणालीने, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयने) ती बंद ठेवली असेल, किंवा दुसऱ्या कुणी ती आधीच ताब्यात घेतली असेल. हे ठरवण्याआधी एकही सेटिंग बदलू नका.

प्रोसेसरचं पटकन उरकतो. इंटेलने ही सोय २००५ साली पेंटियम ४ च्या ६६२ आणि ६७२ या मॉडेलांत आणली, एएमडीने २००६ मध्ये. त्यामुळे आजच्या इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर प्रोसेसरचा दोष क्वचितच निघतो. एआरएम प्रोसेसरचं गणित मात्र वेगळं. ॲपलच्या एम मालिकेच्या लॅपटॉपवर एआरएमसाठी बनवलेला गेस्टच, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टीम, वेगाने चालतो. एक्स८६ चा, म्हणजे इंटेल-एएमडीसाठी बनवलेला, गेस्ट हवा असेल तर त्याची एकेक सूचना भाषांतर करून चालवावी लागते, आणि ते फार संथ होतं. तिथे कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही.

आता फर्मवेअर. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा आणि खाली 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे काय लिहिलंय ते पाहा. 'डिसेबल्ड' असेल तर दोष फर्मवेअरचा. इंटेलच्या लॅपटॉपवर चालू होताना फर्मवेअर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ही सोय खुली की बंद ते लिहितं आणि त्यावर कुलूप लावतं. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीमला ते उघडता येत नाही. म्हणून विंडोजच्या आतून कितीही आज्ञा दिल्या तरी ही सोय चालू होणार नाही, फर्मवेअरमध्येच जावं लागतं.

मात्र डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. फर्मवेअरमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर हाती लागत नाही. मग सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप' निवडा. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. इंटेलवर पर्यायाचं नाव 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असं काहीसं असतं, एएमडीवर 'एसव्हीएम मोड'. शेजारी दिसणारं व्हीटी-डी वेगळं आहे. एखादं पीसीआय उपकरण थेट गेस्टच्या हवाली करायचं असेल तेव्हा ते लागतं, साध्या मशीनला नाही. बदल जपून ठेवल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आधी सगळं नीट चालत होतं आणि बायोस अपडेटनंतर बिघडलं असेल, तर सेटिंग मूळपदावर गेलं का, हे सर्वात आधी पाहा.

'एनेबल्ड' दिसत असूनही मशीन चालत नसेल, तर सोय दुसऱ्या कुणीतरी घेतलेली आहे. प्रोसेसरच्या या खास अवस्थेचा मालक एका वेळी एकच हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली, असतो. मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर हायपर-व्ही चालू असेल तर तो विंडोजच्याही खाली सुरू होतो, आणि तुमचं रोजचं विंडोज त्याच्यावर चालतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरला मग व्हीटी-एक्स थेट मिळत नाही. त्याच्या खिडकीत खालच्या पट्टीवर कासव दिसत असेल, तर तो हायपर-व्हीच्या आधाराने कसाबसा चालतोय.

खात्री करायला कमांड प्रॉम्प्टवर 'सिस्टीमइन्फो' ही आज्ञा द्या. शेवटच्या ओळीत हायपरवायझर आढळल्याचं लिहिलेलं असेल, तर उत्तर मिळालं. इथे बहुतेकांची एक गफलत होते. विंडोज फीचर्समधली हायपर-व्हीची खूण काढली म्हणजे तो गेला, असं त्यांना वाटतं. पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) साठी लागणारं 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म', विंडोज सँडबॉक्स आणि कोअर आयसोलेशनमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' यांतलं काहीही चालू असलं तरी तोच हायपरवायझर सुरू होतो.

विंडोजच्या बूट-नोंदी बदलणाऱ्या 'बीसीडीएडिट' या आज्ञेने 'हायपरवायझर लाँच टाइप' ही नोंद 'ऑफ' करून रिस्टार्ट करता येतं. पुन्हा चालू करायला ती 'ऑटो' करायची. मात्र ती बंद असेपर्यंत डब्ल्यूएसएल २ चालणार नाही. मेमरी इंटिग्रिटी बंद करणं मला पसंत नाही. घातक ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, शिरू नयेत म्हणून ती आहे, आणि एका गेस्टसाठी ते संरक्षण सोडणं महागात पडू शकतं. त्यापेक्षा हायपर-व्हीशी जुळवून घेणारं सॉफ्टवेअर वापरा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन १५.५.५ पासून तसं चालतं. विंडोज प्रो असेल तर थेट हायपर-व्हीमध्येच मशीन बनवा.

लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा देऊन इंटेलची व्हीएमएक्स किंवा एएमडीची एसव्हीएम ही खूण शोधतात. पण व्हीएमएक्स दिसलं नाही म्हणून प्रोसेसरला दोष देऊ नका. फर्मवेअरने सोय बंद केलेली असेल तर नवं कर्नल ती खूणच लपवतं. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' या आज्ञेत 'डिसेबल्ड बाय बायोस' अशी ओळ सापडते का, ते बघा. मालकीचं भांडण इथेही आहे. कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं (लिनक्सच्या स्वतःच्या हायपरवायझरचं) मॉड्यूल लोड होताच सोय ताब्यात घेतं, आधी ते पहिलं मशीन सुरू होईपर्यंत थांबत असे. म्हणून कर्नल अपडेटनंतर व्हर्च्युअलबॉक्स अचानक बंद पडतो. व्हर्च्युअलबॉक्स सुरू करण्याआधी केव्हीएमची मॉड्यूल उतरवा: आधी इंटेलचं किंवा एएमडीचं, मग मूळ केव्हीएम. कायमचा उपाय हवा असेल तर बूटच्या वेळी केव्हीएमचा 'एनेबल व्हर्ट ॲट लोड' हा पर्याय शून्य करा.