खळ्यावरून चाललेली लाँच

मंडळी, वासोटा करून आलेले इथे किती जण आहेत? बरेच हात वर झाले. मग किल्ला कसा चढायचा हे मी सांगत बसत नाही. जळवा झटकत चढायचा आणि अंधार पडायच्या आत लाँच जिथून सुटते त्या बामणोलीला परतायचं, एवढं पुरे. मला बोलायचंय ते आपण सगळे लाँचमधून ज्याच्यावरून फोटो काढत जातो, त्या कोयनेच्या खोऱ्याबद्दल.

कोयना ही जरा हट्टी नदी. महाबळेश्वरला उगम पावून देशावर उतरणाऱ्या नद्यांनी पूर्वेची वाट धरावी, ही आपली अपेक्षा. ही मात्र सह्याद्रीच्या धारेला खेटून साधारण ६५ किलोमीटर दक्षिणेलाच जाते. हेळवाकपाशी तिला पूर्व आठवते आणि मग कऱ्हाडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला भेटते. या हट्टामुळे खोरं दोन्ही बाजूंनी भिंतींत अडकलं. पश्चिमेची भिंत ओलांडली की खाली थेट कोकण. मोऱ्यांची जावळी ती हीच. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि ती हातात होती म्हणूनच १६५९ मध्ये अफझलखानाला याच रानात ओढून आणता आलं. इथे परक्या फौजेची संख्या कामाला येत नाही; वाट ठाऊक असलेला एक माणूस कामाला येतो.

वासोटा म्हणजे या खोऱ्याची कोठडी. महाराजांनी नाव दिलं व्याघ्रगड, पण लोकांच्या तोंडी वासोटाच राहिला. पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हा किल्ला पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याच्याविरुद्ध कित्येक महिने लढवला. ‘तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा’ ही ओळ तेव्हाची. हसा, हसा. पण एका बाईसमोर पेशवाईच्या सेनापतीचा कासोटा पणाला लागला, हे लोकांनी जपून ठेवलंय. पुढे दुसऱ्या बाजीरावाने सातारकर छत्रपतींच्या घरची माणसं इथेच ठेवली, पकडलेले दोन इंग्रज अधिकारीही ठेवले. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि किल्ला पडला. आज त्याच जुन्या वासोट्याकडचा बाबुकडा बघायला आपण जातो.

आता मूळ मुद्दा. या भागाबद्दल लिहिताना ‘दुर्गम’ हा शब्द हमखास येतो. मीही बारा ठिकाणी लिहिलाय. पण हे खोरं आज जेवढं दुर्गम आहे, तेवढं ते पूर्वी नव्हतं. ते आपण केलं. १९६४ मध्ये धरण उभं राहिलं, मागे शिवसागर जलाशय भरला आणि नदीकाठच्या गावांमधल्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. समोरच्या गावात चालत जाणाऱ्याला लाँचची वाट बघावी लागली. माणसं सोलापूरकडे, रायगडकडे, कुठे कुठे उठून गेली. तरणी पोरं त्याआधीही मुंबईत होतीच, गोदीत आणि बाजारात माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहत. गंमत बघा, जी नदी एवढी डोंगराकडेने चालूनही कोकणात उतरली नाही, तिचं पाणी आपण वीज करायला बोगद्यातून कोकणातल्या पोफळीला उतरवलं. १९६० मेगावॅटची क्षमता आहे कोयना प्रकल्पाची. तुमच्या-आमच्या घरातला पंखा त्यावर फिरला असेल. हे धरण नको होतं असं मी म्हणत नाही. तेवढा भाबडा मी नाही. फक्त हिशेबाची दुसरी बाजूही वाचायची, एवढंच.

अभयारण्य आलं १९८५ मध्ये, नंतर व्याघ्र प्रकल्प. रान खरंच दाटलं. गवा दिसतो, शेकरूची घरटी दिसतात, अस्वलाची विष्ठा वाटेत पडलेली असते. वनखातं प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून आत सोडतं, ते उत्तम करतं. पण किल्ल्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीत, जरा थांबा. मेट म्हणजे गडाच्या पहाऱ्याची चौकी. गावाचं नावच त्याची नोकरी सांगतं. ते गाव कधीच उठलंय. मी तिथे कारवीत शिरलो तर पायाला जात्याची तळी लागली. मधल्या खुंट्याच्या भोकातून बोटभर रोप वर आलं होतं. ज्याला आपण ‘अस्पर्श जंगल’ म्हणतो, त्यात दळण दळलं गेलंय.

लाँचमध्ये एक म्हातारबा होते. आम्ही फोटो काढत होतो. ते म्हणाले, “पाव्हणं, आत्ता आपण आमच्या खळ्यावरनं चाललोय.” सगळे हसले. ते हसले नाहीत. उतरताना म्हणाले, “मे म्हयन्यात या. पाणी हटलं की घर दावतो.”

मी गेलो. पाणी खूप मागे सरकलं होतं, भेगाळलेल्या काठावर लोकांनी गाळपेर केली होती. म्हातारबा पुढे, मी मागे. चार दगडांचं जोतं, एक पायरी, बाकी काही नाही. पायरीपाशी आल्यावर त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि मग आत पाऊल टाकलं. मीही बूट काढले. आतला गाळ अजून ओला होता.