फोन तुमचा, खातं कोणाचं?

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'घरातलं तंत्रज्ञान', पण खरं सांगू का, आमच्या तालुक्याच्या दुकानात माणूस येतो तो तंत्रज्ञान वगैरे विचारायला येत नाही, तो फोन काउंटरवर ठेवतो अन् म्हणतो, "भाऊ, सारे फोटू उडाले ना, आता कसं करू?" लग्नाचे फोटो, बारशाचे, वारलेल्या आजीचे व्हॉइस मेसेज, पीकविम्यासाठी काढलेले बुडालेल्या सोयाबीनचे फोटो, सगळं त्या एकाच फोनमध्ये.

मग मी पहिले विचारतो, जीमेल आयडी कोणता? इथंच गाडी अडते. "थो त दुकानवाल्यानंच बनवून देल्ला होता." पासवर्ड? "मले काय मालूम!"

आता हे होते कसं ते पहा. नवा फोन घेतला, प्लेस्टोअर चालू करायला आयडी लागतो, दुकानवाला घाईत तुमचं नाव अन् पुढं चार आकडे टाकून नवाच आयडी बनवतो, जन्मतारीख १ जानेवारी, रिकव्हरीचा नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर ज्यावर ओटीपी येतो तो, एकतर नाही नाहीतर त्याचा स्वतःचाच. दोन वर्षांनी दुसरा फोन, दुसरा दुकानवाला, अजून एक आयडी. त्याला शिव्या देऊन फायदा नाही, दिवाळीत त्याच्याकडं रांग असते अन् आपणच म्हणतो ना, "तूच टाक ना बापा काहीतरी." पण गंमत अशी की फोटो पुष्कळदा उडालेलेच नसतात, त्या जुन्या खात्यात शाबूत असतात, फक्त ते खातं उघडायला घरात कोणाकडंच काही नसतं. अन् दोन वर्षं कोणी त्या खात्याकडं फिरकलंच नाही तर गुगल ते खातं काढून टाकू शकते, डिसेंबर २०२३ पासून त्यांनी हे सुरू केलंय.

नंबरचं तर अजूनच अवघड. आमच्या मायबहिणींचे नंबर नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नावावर, पोरगा पुण्याला गेला, रिचार्ज राहिला, सिम बंद पडलं. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण त्यानंतर देतात! मग तुमच्या खात्याचा ओटीपी जाणार कोणत्या तरी अनोळखी माणसाला, त्याला वाटेल कोण हे ओटीपी पाठवून राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपही साधारण १२० दिवस वापरलं नाही की खातं मिटवते.

काही जण म्हणतात, आमचा बॅकअप, म्हणजे फोटोंची दुसरी प्रत गुगलकडं ठेवणं, चालू आहे. चालू होता, असं म्हणा. १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटोजमध्ये थोडे बारीक करून कितीही फोटो फुकट ठेवता येत होते, त्यानंतरचे सगळे गुगलच्या फुकटच्या १५ जीबी जागेत मोजतात, अन् त्याच १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह अन् २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. फॅमिली ग्रुपवरच्या शुभ सकाळच्या गुलाबांनी अन् कीर्तनाच्या व्हिडिओंनी जागा भरते, बॅकअप थांबतो, नोटिफिकेशन येते ती आपण बोटानं सरकवून देतो. सहा महिन्यांनी फोन विहिरीत पडतो तेव्हा समजते.

आता डिलीटचं सांगतो, कारण यात लोकं पैसे लय घालवतात. मेमरी कार्डावरून फोटो डिलीट केला म्हणजे काय, तर सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, वावर तिथंच आहे. दुसऱ्यानं त्यात पेरणी करेपर्यंत जुनं सापडू शकते. म्हणून चुकून डिलीट झालं की त्या कार्डावर पुढं एकही फोटो काढू नका, कार्ड काढून बाजूला ठेवा, फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यानं पुष्कळदा निघतात. फोनच्या आतल्या मेमरीचं असं नाही. नव्या फोनमध्ये सगळं एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद असते, फॅक्टरी रिसेट झाला, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा केला, की त्या कुलपाची चावीच पुसली जाते, मग 'दोन हजारात सगळं काढून देतो' म्हणणाऱ्याला दोन रुपयेही देऊ नका. त्याआधी गुगल फोटोजचं ट्रॅश पहा ना, बॅकअप झालेला फोटो तिथं ६० दिवस राहतो, न झालेला ३०.

हो, अन् ऊन. बऱ्याच कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंत वापरा म्हणतात, आपल्याकडं मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूर ४५ च्या वर, अन् फोन कुठं तर टिनाखाली चार्जिंगला, नाहीतर ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर. बॅटरी फुगते. डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस घ्या, म्हणजे लाइट गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, लाइट जाऊन येते तेव्हाच हार्डडिस्कचं वाटोळं होते, अन् डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला तर पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका.

पासवर्ड मात्र कागदावर लिहा अन् राशनकार्डासोबत पेटीत ठेवा. शहरातले पोट्टे हसतील, हसू द्या, तिकडून ऑनलाइन फसवणारा काही तुमची पेटी उघडायला येत नाही.

बरं, आता ज्यांनी फोन आणले ते पुढं या. सेटिंगमध्ये जाऊन गुगल उघडा, वर कोणाचं नाव दिसते ते पहिले वाचा, मग रिकव्हरीचा नंबर पाहू. अन् ज्याचा आयडी दुकानवाल्यानं बनवला अन् तो दुकानवाला अजून गावात आहे, त्यानं आजच त्याला गाठा.