पंच्याऐंशीची लेन्स

ही लेन्स आधी तुमच्यात फिरवतो, हातात घेतल्याशिवाय तिचं वजन कळायचं नाही. क्रोम चढवलेलं पितळ, आत पाच भिंगं. निकॉर ८५ मिलिमीटर, एफ २ (हे तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र), लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या जुन्या आट्यांची. बाकीच्या लेन्स मी वेळोवेळी विकल्या, ही कधीच विकाविशी वाटली नाही.

१९५० साली ‘लाइफ’ या अमेरिकी मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने अशाच ८५ निकॉरने त्यांचा सहज एक फोटो काढला. प्रिंट बघून डंकन थक्क झाले आणि लेन्स तपासायला ती बनवणाऱ्या निप्पॉन कोगाकूच्या, म्हणजे आजच्या निकॉनच्या, कारखान्यात थेट गेले. जूनअखेरीस कोरियात युद्ध पेटलं तेव्हा त्यांच्या लायकांवर निकॉर लेन्स होत्या.

त्या लायकांचा स्वतःचा फाइंडर, म्हणजे चौकट बघायची खिडकी, फक्त ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी; आकडा मोठा तेवढा लेन्स कमी भाग बघते. ८५ लावली की कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा फाइंडर बसवायचा. खालच्या बारक्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा, मग डोळा वर नेऊन चौकट बघायची. हे सगळं तोफांच्या आवाजात! पुढे १९५४च्या लायका एम ३ने फोकस आणि चौकट एकाच खिडकीत आणली, ५०, ९० आणि १३५साठी. माझी लेन्स अडॅप्टर लावून त्याच कॅमेऱ्यावर बसते आणि ९०ची चौकट उजळते. लेन्स त्याहून किंचित जास्त बघते, म्हणून कडेला मी ठरवलं त्यापेक्षा थोडं जास्त येतं. त्याची सवय होते.

सवय होत नाही ती फोकसची. अशा, खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यात, म्हणजे रेंजफाइंडरमध्ये, आपण लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागच्या कड्यावर कॅमेऱ्यातलं एक चाक टेकलेलं असतं, ते जेवढं सरकेल तेवढ्या खिडकीतल्या प्रतिमा सरकतात. गंमत अशी की चाकाची सगळी मोजमापं ५० मिलिमीटरच्या लेन्सची. एक मीटरवर फोकस करताना ५०ची लेन्स जेमतेम तीन मिलिमीटर पुढे येते, ८५ची आठ-नऊ. म्हणून या लेन्सच्या पोटात भिंगांसाठी आणि मागच्या कड्यासाठी वेगवेगळे आटे कापावे लागतात, भिंगं जास्त चालतील आणि कडं कमी. कागदाएवढी जरी चूक झाली तरी खिडकी एक सांगते आणि फिल्मवर दुसरंच उमटतं.

माझ्या बाबतीत तेच झालं. पावसाळ्यात भिंगात बुरशी धरली, लेन्स साफ करून आणली. घरी आत्या खिडकीशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. एक मीटर अंतर, ॲपर्चर पूर्ण उघडं. तिच्या पापणीवर प्रतिमा नीट जुळवल्या. फिल्म धुऊन आली तर नाकाचा शेंडा आणि चमकी लख्ख, डोळे मऊ. या अंतरावर एफ २ला सव्वा-दीड सेंटीमीटर जागाच धारदार येते, त्यात दुरुस्तीच्या वेळी भिंगांचं अंतर राखणारी आतली एक बारीक चकती नीट बसली नव्हती. तेव्हापासून लेन्स उघडली गेली की मी वर्तमानपत्र तिरकं ठेवतो, एका ओळीवर फोकस करतो आणि कुठली ओळ धारदार येते ते बघतो. एका रोलची किंमत मोजावी लागते, पण मोजा. नवी-जुनी कुठलीही ९० किंवा ८५ घेतलीत तरी पहिला रोल वर्तमानपत्राचा. आणि पावसाळ्यात तिला कातडी पिशवीत ठेवू नका, सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढी उठाठेव कशासाठी, असं तुम्ही विचाराल. त्या खिडकीसाठी. चौकट मधोमध छोटीशी, आणि तिच्या भोवती सगळं जग तसंच स्वच्छ दिसत राहतं. चौकटीबाहेरून कोण येतंय ते आधी कळतं. शटर पडतानाही अंधार होत नाही, ज्या क्षणाचा फोटो निघाला तो क्षण आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. आणि दीड-दोन मीटरवरून माणसाचा चेहरा फुगत नाही, नाक आपल्या जागी राहतं, बोलणंही थांबत नाही.

चकती नीट बसवून घेतल्यावर मी आत्याकडे परत गेलो. या वेळी एफ ४, छिद्र लहान, म्हणजे धारदार जागा जास्त. चौकटीच्या डावीकडे, बाहेर, तिची नात दबकत येताना मला दिसली. मी थांबलो. पोरीने सुपात हात घातला आणि आत्याने मान वर केली.