जातं, पाणी आणि चिमूटभर पीठ

(पडद्यावर: खानापूर तालुक्यातलं जुनं घर, पडवीच्या कोपऱ्यातलं जातं)

हे आमच्या आज्जीचं जातं. पहाटे आज्जी आणि मोठी काकू समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. मध्येच एकीचा हात सुटायचा तो मूठभर जोंधळा जात्याच्या तोंडात सोडायला. डाळ भरडायची असली की आज्जी वरचा दगड उचलून मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळायची. चिंधीच्या जाडीइतका दगड वर राहायचा, आणि हरभऱ्याचं पीठ न होता नुसती डाळ पडायची.

ही चिंधी लक्षात ठेवा.

(पडद्यावर: हिमालयातला ओढा, काठावर दगडी खोपटं)

ही पाण्यावर चालणारी चक्की. उत्तराखंड, हिमाचलात हिला घराट म्हणतात. ओढ्याचं पाणी पाटाने वळवून तिरक्या पन्हळीत सोडायचं. तिथून ते जोराने खाली येतं आणि खोपटाखालच्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. चाक आडवं, कुंभाराच्या चाकासारखं. त्याच्यातून निघालेला उभा दांडा खालच्या दगडाच्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला फिरवतो. खालचा दगड जागचा हलत नाही. ना दाते, ना पट्टा. चाकाचा एक फेरा, दगडाचा एक फेरा.

बायकांच्या दंडांचं काम पाण्याने घेतलं. पण जात्यावरचे हात नुसते फिरवत नव्हते. मूठ कधी आणि किती सोडायची, तेही हातच ठरवायचे. इथे ते काम एक काठी करते. धान्याच्या टोपलीखाली छोटी पन्हळ टांगलेली असते. तिला बांधलेल्या काठीचं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं. खडबडीत दगडावर काठी टकटक उडते, पन्हळ हलते, दाणे पडतात. ओढ्याला पाणी वाढून दगड जोरात फिरू लागला की काठीही जोरात थरथरते आणि दाणे जास्त पडतात. पाणी मंदावलं की दाणे कमी. मला विचाराल तर अख्ख्या यंत्रातली सगळ्यांत देखणी वस्तू ही काठीच.

आणि चिंधी? चाकाचा दांडा ज्या आडव्या लाकडावर टेकलेला असतो, ते लाकूड वरच्या खोलीतून उचलता येतं. केसभर उचललं की दांड्यासकट वरचा दगड उचलला जातो, पीठ जाडं येतं. खाली सोडलं की बारीक. मात्र दगडाला दगड लागू द्यायचा नाही. लागला तर ठिणग्या उडतात आणि दगड खरबरीत करायला छिन्नीने मारलेले टाकीचे घाव झिजतात.

उभ्या चाकाची चक्की वेगळी. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात तिचं वर्णन करून ठेवलंय. तिथे दातेरी चाकं लागतात, पण त्यांच्यामुळे पाण्याचं चाक सावकाश फिरलं तरी दगड भरभर फिरवता येतो. इंग्लंडात 1086 च्या मोजणीत 5,000 हून जास्त गिरण्या नोंदल्या गेल्या.

आपल्या मराठी माणसाला पाणचक्की म्हटलं की छत्रपती संभाजीनगर आठवतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून शहरापर्यंत आणलं, उंचावरून सोडलं, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी त्यावर दळण दळलं.

(पडद्यावर: गोकाकचा धबधबा, पावसाळा)

आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यात? घटप्रभा गोकाकला सुमारे 170 फूट खाली कोसळते. 1887 मध्ये त्या पाण्याच्या जोरावर इथे कापसाचं सूत निघू लागलं. पीठ दळते ती गिरण आणि सूत काढते तीही गिरणच. पाण्यावर आधी दगड फिरले, सूत कातायच्या चात्या फार नंतर. आज्जी जात्यावर बसायची तेव्हा त्याच जिल्ह्यात नदी कारखाना ओढत होती, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून तिच्या हातांवरचे घट्टे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

(पडद्यावर: गावातली विजेवरची गिरण)

आता आमच्या गावात गिरण विजेवर चालते. दगडाला टाकी मात्र अजून मारावीच लागते. एक मावशी जोंधळ्याचा डबा ठेवतात. "काल जाडं आलं बघा, भाकरी मोडत होती." गिरणवाला धारेतलं चिमूटभर पीठ घेतो, अंगठ्याने बोटावर घासतो, आणि दगडाचं हातचाक किंचित आवळतो.