जखम एका जागी, झीज अंगभर

(दृश्य: अतिदक्षता विभाग. खाटेला टांगलेली लघवीची पिशवी.)

या पिशवीवरच्या खुणा सिस्टर दर तासाला वाचतात आणि तक्त्यावर आकडा मांडतात. तो झाला पाण्याचा हिशोब. पाण्याबरोबर आणखी काय निघून चाललंय, ते या खुणा सांगत नाहीत.

१९३०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये जैवरसायनतज्ज्ञ डेव्हिड कथबर्टसन पाय मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. हाड लवकर का सांधत नाही, हा मूळ प्रश्न. म्हणून कॅल्शियम-फॉस्फरसवर लक्ष होतं. पण लघवीत नायट्रोजन आणि गंधकही भरपूर सापडलं. ही दोन्ही प्रथिनं मोडल्याची खूण. एकट्या मोडलेल्या जागेतून येणं शक्यच नाही, इतकं. झिजत होते अंगभरचे स्नायू, जिथे ओरखडाही नव्हता तिथलेसुद्धा.

१९४२मध्ये त्यांनी याचे दोन टप्पे मांडले. आधी ओहोटी: एक-दोन दिवस अंग गार, ऊर्जेचा खर्च कमी. मग भरती. अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही संप्रेरकं वाढतात. स्नायूंतली प्रथिनं मोडतात, त्यांतली अमिनो आम्लं यकृतात जातात आणि तिथे त्यांची साखर बनते. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणून मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. शरीर ४० टक्क्यांहून जास्त भाजलं असेल, तर पडल्यापडल्या होणारा खर्च जवळजवळ दुप्पट होऊ शकतो.

लघवीतला १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे साधारण ३० ग्रॅम स्नायू. दिवसाला २० ग्रॅम गेला, तर अर्ध्या किलोहून जास्त.

(दृश्य: भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग. पट्टीचा शेवटचा थर सुटतो.)

पट्टीत मुरलेला हा पिवळसर स्राव पाहा. यातून प्रथिनं जातात. तांबं, जस्त आणि सेलेनियमही जातं. नवी त्वचा घडवायला नेमकं हेच लागतं. लोहाची गोष्ट वेगळी. रक्तात ते घटतं, पण हरवत नाही. जंतूंच्या हाती लागू नये म्हणून शरीरच ते पेशींत कोंडून ठेवतं.

(दृश्य: नाकातली नळी, फीडिंग पंप.)

ही नळी म्हणजे उपचारच आहे, सलाईनइतकीच निकडीची. रुग्ण सावरला की पहिल्या २४ ते ४८ तासांत ती सुरू व्हायला हवी. मात्र तपासण्या करत करत. उपाशी शरीरात अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट पेशींत शिरतं. पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी फॉस्फेटशिवाय बनत नाही. ते फार खाली गेलं, तर श्वासाचे स्नायूच थकतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही त्याच वाटेनं घसरतात. म्हणून सुरुवातीला रोज रक्त तपासायचं.

हे पोषण राहून गेलं, की जखमा चिघळतात, न्यूमोनिया होतो, व्हेंटिलेटर सुटत नाही.

(दृश्य: फिजिओथेरपी. रुग्ण आधार घेऊन उभा राहतो.)

मोठ्या भाजण्यानंतर ऊर्जेचा हा वाढीव खर्च वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो. घरी सोडताना हातात जो कागद देतात, त्यावर गोळ्यांच्या बरोबरीनं रोजची प्रथिनं किती, हेही ग्रॅममध्ये लिहिलेलं असलंच पाहिजे.