देवयानी दीर्घिकेच्या कडेचा वेग

श्रोतेहो, दीर्घिकेतील, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहातील, तारे आणि वायू तिच्या केंद्राभोवती किती वेगाने फिरतात, या एकाच मापनाविषयी मी आज बोलणार आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे या मापनाला दिली. दीर्घिकांमधले बहुतांश द्रव्य आपल्याला दिसतच नाही, ही शक्यता खगोलशास्त्राला गांभीर्याने घ्यावी लागली, त्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे.

प्रथम सूर्यमालेकडे पाहू. बुध सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर नेपच्यूनचा वेग जेमतेम साडेपाच किलोमीटर भरतो. जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी सूर्यात एकवटले असल्यामुळे, बाहेर जावे तसतशी सूर्याची ओढ क्षीण होते आणि ग्रहाला कक्षेत राहण्यास कमी वेग पुरतो. दीर्घिकेचा उजेडही केंद्रापाशी दाट आणि कडेला विरळ असतो. तेव्हा वस्तुमानाची वाटणीही तशीच असणार आणि कडेचे तारे संथ फिरत असणार, असे मानणे स्वाभाविकच होते.

देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्यातील एकेका साध्या ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे रंगांनुसार विभागलेला प्रकाश, मिळवणे त्या काळी आवाक्याबाहेरचे होते, म्हणून रुबिन आणि त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी तप्त, तरुण ताऱ्यांभोवती उजळलेले हायड्रोजनचे मेघ निवडले. ही निवड मला फार मोलाची वाटते, कारण अशा मेघाचा प्रकाश मोजक्या वर्णरेषांत एकवटलेला असतो आणि त्या रेषा मंद असल्या तरी ओळखता येतात. त्यांतील एक तांबडी रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीला मिळते. मेघ आपल्यापासून सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर ती रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकते. पण हे सरकणे अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी असते. छायाचित्राच्या काचपट्टीवर उमटलेला एवढासा फरक मोजून त्यावरून वेग काढायचा, आणि तेही एका मेघाचा नव्हे, तर दीर्घिकेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या अनेक मेघांचा! फोर्ड यांच्या वर्णपटलेखकात, म्हणजे वर्णपट टिपणाऱ्या उपकरणात, मंद प्रकाशाची तीव्रता वाढवणारी नलिका होती, म्हणूनच हे काम माणसाच्या सोसण्याइतक्या वेळात होऊ शकले.

अशा ६७ मेघांचे वेग त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. केंद्रापासून सुमारे ७८ हजार प्रकाशवर्षांपर्यंत जाऊनही वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हता. त्या लेखात अदृश्य द्रव्याचा दावा केलेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. एका दीर्घिकेवरून एवढा मोठा निष्कर्ष काढण्याची घाई त्यांनी केली नाही. पुढची दहा वर्षे रुबिन इतर दीर्घिका मोजत राहिल्या. १९८० मध्ये फोर्ड आणि नॉर्बर्ट थोनार्ड यांच्यासह त्यांनी २१ सर्पिल दीर्घिकांचे वेग मांडले, तेव्हाही चित्र तेच निघाले. दरम्यान हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवरून इतर संशोधकांनी दीर्घिकांच्या दिसणाऱ्या तबकडीच्याही पलीकडचे वेग मोजले होते आणि तेही उतरत नव्हते.

याचा अर्थ साध्या गणिताने कळतो. कक्षेच्या आतील वस्तुमान हे वेगाचा वर्ग आणि केंद्रापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग तोच राहून अंतर दुप्पट झाले, तर आतले वस्तुमानही दुप्पट असले पाहिजे, मग तिथे उजेड जवळपास संपलेला का असेना. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच एका दीर्घिकासमूहातील वेगांवरून अशा न दिसणाऱ्या द्रव्याकडे बोट दाखवले होते, पण ती सूचना दीर्घकाळ बाजूला पडून राहिली.

या न दिसणाऱ्या द्रव्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात; ते कशाचे बनले आहे, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. गुरुत्वाकर्षणाची ओढ अत्यंत क्षीण असते तिथे तिचा नियमच वेगळा असेल, असा पर्याय भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडला. बहुतेक संशोधकांचा कल द्रव्याकडे आहे. मात्र रुबिन यांना स्वतःला नियमात बदल करावा लागला असता तर अधिक आवडले असते. आपल्या आवडीचे उत्तर मात्र त्यांनी मोजलेल्या आकड्यांवर कधी लादले नाही.